चालानच्या फोटोतला रस्ता

साहेब, तुम्ही खोटं लिहिलंत. लेटरहेडवर, जावक क्रमांक टाकून, गोल शिक्का मारून खोटं लिहिलंत आणि ते माझ्या ऑफिसला पाठवलंत. माझे सासरे रस्त्यावर पडले तेव्हा त्यांना उचलायला तुमच्या ट्रॅफिक पोलीस खात्याला एक माणूस सापडला नाही. माझ्याविरुद्धचं पत्र पोचवायला मात्र सापडला. सहाव्या दिवशी, मोटरसायकलवरून, हातोहात.

तुमचं नाव मी लिहीत नाही. पत्राखालच्या सहीतून ते निघतही नाही, नुसता गुंता आहे. हुद्दा वाचता येतो, पण तोही लिहीत नाही. उद्या तुमची बदली होईल आणि तुमच्या खुर्चीत बसणारा म्हणेल, हे माझ्याबद्दल नाहीच. खुर्चीबद्दलच आहे हे.

आणि मराठीत लिहितेय. हीच गोष्ट हिंदीत पाच वाक्यांत लिहिली होती, तिला तुम्ही ‘भ्रामक’ म्हणालात. राग मला मराठीतच नीट येतो. भाषांतर करून घ्या.

मी स्वप्ना गजभिये. लग्न होऊन लखनऊला आले त्याला बावीस वर्षं झाली. माहेर पुलगावचं. सासरचे मूळ आर्वीकडचे, पण सासरे श्रीपतराव तरुणपणीच रेल्वे डाकेच्या नोकरीत इकडे आले आणि इथेच राहिले. नवरा अनुप रेल्वेत आहे, गोंड्याला असतो, शनिवारी येतो. मुलगी प्राची बारावीला. मी हज़रतगंजमधल्या एका सरकारी कंपनीत वरिष्ठ सहायक. घर जानकीपुरमला. ऑफिसला स्कूटरने जाते, हेल्मेट घालून. हे आधीच सांगून टाकते, कारण काहीही बोललं की पहिला प्रश्न तोच येतो: मैडम, आप खुद हेलमेट लगाती हैं?

हा प्रश्न विचारणारे लोक फेसबुकवरच्या एका ग्रुपात राहतात. साठ-सत्तर हजार आहेत. शहराच्या रस्त्यांवर बोलायचा ग्रुप. कुणी खड्ड्याचा फोटो टाकतो, कुणी उलट्या बाजूने येणाऱ्या ई-रिक्षाचा, कुणी भर रस्त्यात रवंथ करणाऱ्या सांडाचा. मग खाली भांडण. वराती, डीजे, कचऱ्याची गाडी, फुटपाथवरची दुकानं, सगळ्यावर. पण खरं रण पेटतं ते ट्रॅफिकवर. मी तीन वर्षं या रणात आहे. लोक दुपारी वामकुक्षी करतात, मी डबा खाता खाता अनोळखी लोकांशी भांडते.

आणि काय नावं एकेकाची! ‘नवाब नंबर वन’. ‘कड़वा सच’. ‘चौक का चिराग’. माझा खास वैरी होता ‘गोमती का घड़ियाल’. फोटोच्या जागी काळा चष्मा घातलेली मगर. या घड़ियालाचं तुमच्या खात्यावर भारी प्रेम. मी एकदा लिहिलं की हेल्मेट हवंच, पण आमच्या इथल्या पाण्याच्या टाकीच्या चौराह्यावरचा ट्रॅफिकचा शिपाई झाडाआड उभा राहून फोटो का काढतो, चौकाच्या मधोमध का उभा राहत नाही? त्यावर घड़ियाल म्हणाला, “मैडम, कैमरा आगे हो या पीछे, नियम तो नियम है। सिर पर हेलमेट रखिए, ज़बान पर लगाम।”

चारशे लोकांनी त्याला अंगठा दाखवला. म्हणजे वर केलेला.

मी लिहिलं, “घड़ियाल जी, सिग्नल बंद पड़ा हो तो नियम कहाँ रखूँ? डिक्की में?”

मला साडेचारशे मिळाले. मग ‘कड़वा सच’ उतरला. “मराठी मैडम, आपके वहाँ हमारे भैया लोगों को थप्पड़ पड़ते हैं, यहाँ आप ज्ञान बाँटेंगी?” मी म्हटलं, ज्याने थप्पड मारली त्याला विचारा, मी बावीस वर्षं इथल्या खड्ड्यांत पाठ मोडून घेतेय, माझा हिशेब इथल्या रस्त्याशी आहे. मग कुणीतरी माझ्या पानावर जाऊन चौदा एप्रिलचा निळ्या साडीतला फोटो शोधून काढला. “अच्छा, कोटे वाली हैं। नौकरी कोटे से, अकल भी कोटे से।” त्याला मी लिहिलं, “मेरी नौकरी जिस काग़ज़ से लगी, उस पर मेरा नाम लिखा है। तेरी गाली पर तेरा नाम कहाँ है?”

इथेच माझी चूक झाली म्हणतात. मी सोडून सगळे मुखवट्याआड होते. मी माझ्या नावाने लिहायचे. नुसत्या नावाने नाही. मोठी पोस्ट असली की खाली नाव, हुद्दा, सेक्टर, जानकीपुरम, दिनांक. प्राची डोक्याला हात लावायची. “मम्मी यार, ये पोस्ट है, एप्लिकेशन नहीं है!”

पण आमच्या घरात हीच रीत. बाबांनी, म्हणजे सासऱ्यांनी, लावलेली. इथल्या आमच्या बौद्ध मंडळाचे सगळे अर्ज चाळीस वर्षं बाबांनी लिहिले. जयंतीच्या मिरवणुकीची परवानगी, विहारासमोरचा दिवा, कुणाच्या पेन्शनचं अडलेलं, कुणाच्या पोराचं जातप्रमाणपत्र. अर्ज नेहमी दोन प्रतींत. एक द्यायची, दुसरीवर शिक्का मारून घ्यायचा, ती पोच. बाबा म्हणत, “निनावी कागद म्हंजे चोराचा कागद. सही करायची हिंमत नसन तर पेन उचलू नये.” या घरात सून म्हणून आले तेव्हा मला साधी रजेची चिठ्ठी धड लिहिता येत नव्हती. लिहायला शिकले ती त्यांच्या अर्जांच्या नकला करून.

आता त्या मंगळवारचं ऐका. तुम्ही पत्रात लिहिलंय की ‘अशी कोणतीही घटना कर्तव्यावरील कर्मचाऱ्यासमोर घडलेली नाही’. म्हणून नीट ऐका.

टाकीच्या चौराह्यावरचा सिग्नल नऊ दिवस बंद होता. बाबांनी त्यावर अर्ज लिहिला. हाताने, दीड पान. सकाळी मी डबे भरत होते, तेव्हा मफलर गुंडाळून निघाले.

“कुठे निघालात बाबा?”

“झेरॉक्स काढून आणतो. पोच घ्यायला दुसरी प्रत लागते ना.”

“प्राची आणेल की कॉलेजातून येताना.”

“तिले काय समजते? अर्धं पान कापते ते मशीन.”

झेरॉक्सचं दुकान चौराह्यापलीकडे. वय चौऱ्याहत्तर. बंद सिग्नलखालून, हात वर करून ते रस्ता ओलांडत होते, आणि उलट्या बाजूने सहा सवाऱ्या भरून एक ई-रिक्षा आली. तिने त्यांना कमरेत धडक दिली. रिक्षा थांबली नाही. डाव्या खुब्याचं हाड मोडलं. बाबा रस्त्यावर बसले, म्हणजे पडले आणि मग हातांवर जोर देऊन कसेबसे बसले. समोर वीस पावलांवर तुमचा शिपाई होता. पांढरी वर्दी, हातात मोबाइल. बाबांनी त्याला हाक मारली. “भाई साहब!” दोनदा. तो बिनहेल्मेटवाल्यांचे फोटो काढत राहिला. शेवटी केळीवाल्या बाईने आणि एका दूधवाल्याने त्यांना उचललं आणि बाबांच्याच फोनवरून मला फोन लावला.

हे मला केळीवालीने सांगितलं. बाबांनी सांगितलं. मी तेच लिहिलं. पाच वाक्यं. वेळ, जागा, सिग्नल किती दिवस बंद, रिक्षा कुठून आली, शिपाई काय करत होता. एक शिवी नाही. खाली नाव, हुद्दा, पत्ता.

दोन हजारांवर कमेंट आल्या. काही भली माणसं निघाली. एकाने रक्त देऊ का विचारलं, एकीने हाडांच्या डॉक्टरचा नंबर दिला. बाकीच्यांनी कोर्ट भरवलं. बुढ़ापे में घर बैठना चाहिए. ज़ेब्रा पर थे या नहीं? (झेब्रा! त्या चौराह्यावर पट्टे शेवटचे कधी दिसले ते तुमच्या खात्याने सांगावं.) सिपाही अकेला क्या-क्या करे? मैडम को फ़ेमस होना है. आणि घड़ियाल. त्याने लिहिलं, “बुज़ुर्ग को अकेले सड़क पर किसने भेजा? पहले बहू जवाब दे।”

हे मी हॉस्पिटलच्या बाकड्यावर बसून वाचलं. आत बाबांच्या खुब्यात स्टीलची पट्टी बसवत होते. मला त्या क्षणी ती मगर सापडली असती, तर मी तिला काळ्या चष्म्यासकट चावले असते.

कुणीतरी माझी पोस्ट, माझ्या हुद्द्यासकट, तुमच्या खात्याच्या पानावर चिकटवली. ‘देखिए सरकारी कर्मचारी का आचरण।’ आणि तुम्ही पाहिलंत. बंद सिग्नल नऊ दिवस पाहिला नाहीत, ही पोस्ट एका दिवसात पाहिलीत. मग पत्र निघालं. विभागाची प्रतिमा मलिन. भ्रामक मजकूर. आचरण नियमांन्वये उचित कार्यवाही.

माझे साहेब चंद्रहास सर. माणूस वाईट नाही. वाईट नसलेली माणसं फार आहेत या देशात, त्यांचंच सगळं ओझं आहे. त्यांनी मला केबिनमध्ये बोलावून चहा मागवला. चहा मागवला तेव्हाच मी समजले.

“स्वप्ना जी, बाबूजी कैसे हैं?”

“पड़े हैं सर। छह हफ़्ते उठना नहीं है।”

“ओहो। देखिए, ये एक ड्राफ़्ट है। दो लाइन का। आप बस साइन कर दीजिए।”

मी वाचलं. ‘मेरी पोस्ट तथ्यों पर आधारित नहीं थी। मैं खेद प्रकट करती हूँ।’ आणि पोस्ट काढून टाकणार असल्याचं वचन.

“सर, तथ्यों पर ही आधारित थी। एक हड्डी टूटी है, एक्सरे दिखाऊँ?”

“अरे, हड्डी को कौन मना कर रहा है!” ते हसले. “हड्डी टूटी, मान लिया। पर सिपाही वाली बात का सबूत है? केले वाली लिख के देगी?”

केळीवाली लिहून देणार नव्हती. मी विचारलं होतं. ती म्हणाली होती, दीदी, ठेला वहीं लगाना है मुझे.

“शुक्रवार तक का टाइम है,” सर म्हणाले. आवाज खाली आणला. “नहीं तो ऊपर से सोनभद्र की बात चल रही है। आप समझदार हैं। घर में बीमार बुज़ुर्ग, बच्ची का बोर्ड, पति बाहर। दो लाइन है, यार।”

सोनभद्र म्हणजे घरापासून रात्रभराचा प्रवास. मी तिकडे, अनुप गोंड्याला, मग बाबांना कूस कोण बदलून देणार? बारावीची पोर? हे तुम्हाला आणि वरच्यांना बरोबर ठाऊक होतं. एका माणसाचं मोडलेलं हाड दुसऱ्याचा हात पिरगाळायला वापरायचं, ही अक्कल कुठल्या ट्रेनिंगला शिकवतात?

घरी येऊन बाबांना सांगितलं. मला वाटलं होतं, ते म्हणतील, सही करू नको. तेच तर शिकवलं होतं त्यांनी. बाबा छताकडे बघत म्हणाले, “कर सही, पोरी.”

“काय म्हणता बाबा?”

“कर म्हणतो ना. दोन ओळीच तर हायेत.”

“आणि तुमचं ते, खरं लिहायचं, नाव घालून लिहायचं?”

“माझ्या पलंगाखालची ट्रंक काढ,” ते म्हणाले. मी काढली. वरपासून खालपर्यंत कागद. सुतळीने बांधलेले गठ्ठे, सालवार. प्रत्येकावर गोल शिक्का. “ह्या सगळ्या पोचा. माझ्या अर्जांच्या. आता उत्तरं किती आली विचार.”

“किती?”

“चार. तिनांत लिहिलंय, कार्यवाही चालू आहे.”

“आणि चौथं?”

“चौथं दुसऱ्याच कोणाचं होतं. चुकून माझ्या पत्त्यावर आलं.”

ते हसायला गेले आणि खुब्यातून कळ आली, तसे डोळे मिटले. “मी लोकांले पोच दाखवायचो,” मिटल्या डोळ्यांनी म्हणाले. “लोक खूश. श्रीपतरावानं शिक्का आणला. आता तुले माझ्यापायी जंगलात पाठवते म्हणतात तर मले नाही पायजे असलं खरं. कर सही.”

साहेब, रिक्षावाल्याने त्यांचं हाड मोडलं. पण हे जे मोडलं ना त्या दिवशी, ते तुमच्या पत्राने मोडलं. चाळीस वर्षं सरकारला ‘महोदय’ लिहिणाऱ्या माणसाने माझ्यासमोर हात टेकले. मला रडू आलं नाही. मला तुमच्या टेबलावरची काच फोडावीशी वाटली.

दुसऱ्या दिवशी, बुधवारी, निरोप आला. खाजगीत. घड़ियालाचा.

“मैडम प्रणाम। आपको कुछ दिखाना है। ग्रुप में नहीं दिखा सकता।”

मी लिहिलं, “दाँत?”

मग, “आप नाराज़ हैं, ठीक है। कल पाँच बजे निशातगंज आ सकती हैं? सब्ज़ी वाली गली के मुहाने पर चाय की दुकान है।”

प्राची म्हणाली, “अकेली नहीं जाओगी। क्या पता कौन साइको निकले।” म्हणून दोघी गेलो. माझ्या डोक्यात एक आडदांड, मिशीवाला, बुलेटवर बसलेला माणूस होता. दुकानापाशी उभा होता एक साठीचा, काटकुळा, स्वेटरवर जाकीट घातलेला गृहस्थ. हातातल्या पिशवीतून मुळ्याची पानं बाहेर आलेली.

“आप... घड़ियाल?” प्राचीने विचारलं.

“जी। रमाकांत।” ते ओशाळले. “वो नाम नाती ने रख दिया था।”

(त्यांचं नाव मी इथे रमाकांत लिहितेय. खरं वेगळं आहे. पिशवीतली भाजीही मी बदललीय. शोधत बसू नका.)

चहा आला. कुणी पिईना. त्यांनी फोन काढला, चष्मा वर केला, पुन्हा खाली केला आणि फोन माझ्यापुढे सरकवला. ई-चालान होतं. तुमच्या खात्याचं. वर नंबर, तारीख, जागा, वेळ. तारीख तो मंगळवार. जागा टाकीचा चौराहा. वेळ आठ वाजून काही मिनिटं. नेमकी किती ते मी सांगणार नाही. खाली फोटो. स्कूटरची मागची बाजू, त्यावर मागे वळलेलं एक उघडं डोकं, कोपराने चेहरा झाकू पाहणारं.

प्राची फिस्सकन हसली. “अंकल! आप तो रोज़ हेलमेट पे लेक्चर देते थे!”

“बिटिया, दही लेने निकला था। पास ही तो था।” मग माझ्याकडे न बघता म्हणाले, “मैडम, मुझे मत देखिए। पीछे देखिए।”

मी दोन बोटांनी फोटो मोठा केला. उघड्या डोक्याच्या डाव्या बाजूला रस्ता. रस्त्यावर बाबा. एक पाय सरळ, एक विचित्र दुमडलेला, तपकिरी मफलर गळ्यातून लोंबणारा. एक हात वर केलेला. फोटो काढणाऱ्याकडेच वर केलेला.

त्या क्षणी ते त्याला हाक मारत होते, साहेब. तुमच्या माणसाने ती हाक फोटोत धरली आणि स्कूटरचा नंबर नीट येतो का ते पाहिलं.

प्राचीने माझ्या दंडाला धरलं. “आजोबा हैं ना?” एवढंच बोलली. मी रमाकांतना विचारलं, “आपने देखा था उन्हें?”

“देखा था।”

“रुके नहीं?”

“मैं तो...” त्यांनी कपाळावरून हात फिरवला. “मैं मुँह छिपा रहा था। कैमरे से। आगे निकल गया, फिर सोचा कोई उठा ही लेगा।”

“और अगले दिन आपने लिखा, बहू जवाब दे।”

ते मुळ्याची पानं पिशवीत आत सारत राहिले. मी बोलले. रस्त्यावरचे लोक वळून बघायला लागले एवढ्या आवाजात बोलले. की तुमच्यासारख्यांनीच ह्या शहराचा नरक केला, पाहायचं, पळायचं, आणि घरी जाऊन जो पडला त्यालाच विचारायचं की तू पडलास का. की नियम नियम करत जीभ झिजवली आणि दह्यासाठी डोकं उघडं टाकलं. ते ऐकत राहिले. मग म्हणाले, “डर लग रहा था, मैडम। लगा, कोई पूछेगा कि वहाँ तुम भी तो थे। तो मैंने पहले ही आप से पूछ लिया।”

इतकं खरं वाक्य मला त्या ग्रुपात तीन वर्षांत भेटलं नव्हतं.

“ये आप खुद डालिए,” मी म्हटलं. “अपने नाम से। आज।”

“नहीं होगा।” त्यांचा आवाज चिरकला. “मेरा दामाद इसी महकमे में है। आप फोटो ले लीजिए, पर नंबर ढक के। नंबर से मैं निकलूँगा, मुझसे वो निकलेगा। बेटी का घर है।”

नंबर झाकला तर तो कागद काय कामाचा? निनावी. उद्या तुम्हीच म्हणाल, कॉम्प्युटरवर बनवलाय. आणि नंबर दाखवला तर एक जावई कुठल्या तरी कोपऱ्यात फेकला जाणार, माझ्यासारखाच. मी फोटो माझ्या फोनवर घेतला आणि काहीच न ठरवता घरी आले.

प्राचीचं ठरलं होतं. “डाल दो मम्मी। नंबर के साथ। उन्होंने हमारा सोचा था क्या?”

“नाही केला विचार.”

“तो?”

“तो रस्त्यावरून पळाला, म्हणून मी त्याच्या पोरीच्या घरावर गाडी घालू?”

“तो फिर साइन कर दोगी?”

मी स्वयंपाकघरात गेले. उत्तर रात्रीच्या पोळ्यांचं पीठ मळताना आलं, आणि इतकं साधं होतं की स्वतःचाच राग आला. तो फोटो माझ्याकडे असायची गरजच काय? तो रमाकांतचा नाही. माझा नाही. तो तुमचा आहे, साहेब. तुमच्या माणसाने काढला, तुमच्या यंत्रणेत चढवला, वेळ आणि जागा तुमच्याच मशीनने त्यावर छापली.

शुक्रवारी चंद्रहास सरांनी पुन्हा चहा मागवला. ड्राफ्ट टेबलावर, पेन त्यावर आडवं.

“तो स्वप्ना जी?”

“साइन नहीं करूँगी सर।”

“सबूत मिला कुछ?”

“सबूत उन्हीं के पास है। उन्होंने ही खींचा है।”

“मतलब?”

मी सांगितलं. त्या सकाळी त्या चौराह्यावर त्या दहा मिनिटांत जितकी चालानं झाली, तितके फोटो त्यांच्या यंत्रणेत आहेत. प्रत्येकाच्या मागे रस्ता आहे. ते उघडायचे आणि बघायचे. “सर, चिट्ठी आपको आई है। आप जवाब में इतना लिख दीजिए कि अपनी फोटो देख लें।”

सर खिडकीबाहेर बघायला लागले. खाली हज़रतगंज वाहत होतं. “मैं?” ते म्हणाले. “मैं कैसे लिख दूँ?”

“सच है सर।”

“सच तो है,” ते म्हणाले, आणि पेन उचलून स्वतःच्या खिशाला लावलं. “पर मेरे तीन साल बचे हैं।”

सोमवारी ऑर्डर आली. सोनभद्र. ‘प्रशासकीय कारणास्तव’. दहा दिवसांत हजर व्हायचं. सहा झाले. अनुप रजेसाठी त्याच्या साहेबांच्या दारात उभा आहे. प्राची पुस्तक मांडीवर ठेवून आजोबांना सूप पाजते. बाबा माझ्याशी बोलत नाहीत; सही केली नाही म्हणून रागावलेत. काल फक्त म्हणाले, “तिकडं थंडी जास्त असते. माझा मफलर घेऊन जा.” मी जाईन. नोकरी सोडणार नाही. तुम्हाला तेवढं सुख देणार नाही.

पोस्ट काढलेली नाही. पाचही वाक्यं जागच्या जागी आहेत, आणि सिग्नल अजून बंद आहे. माझ्याकडचा फोटो मी ग्रुपात टाकणार नाही. त्यावर ज्याचा नंबर आहे तो भित्रा आहे, पण ड्यूटीवर तो नव्हता, पगार तो घेत नव्हता, वर्दी त्याच्या अंगावर नव्हती. मी त्याला तुमच्या तोंडी देणार नाही.

तुम्ही तुमचा संगणक उघडा. तो मंगळवार काढा. टाकीचा चौराहा, सकाळी आठ ते साडेआठ. तुमच्या माणसाने काढलेले फोटो एकेक करून बघा. नंबरप्लेट बघू नका, उघडी डोकी बघू नका, दंड भरला की नाही ते बघू नका. त्यांच्या मागे बघा. एक म्हातारा माणूस रस्त्यावर बसलेला दिसेल, हात वर करून. तुमच्या पत्रात लिहिलंय की अशी घटना घडलीच नाही. मग तो कोण आहे? तिथे काय करतोय? कुणाला हाक मारतोय?

लेखी सांगा.